लेबलावरचे साडेचारशे

कार्ड आणलं हुडकेश्वरच्या निखाडेकडून,
दोन वर्षं वापरलेलं, दोन पंख्यांचं.
बसमध्ये मांडीवर धरून बसले,
डब्यातला रस्सा सांडू नये तशी.

कॉम्प्युटर मात्र माझ्या दहावीच्या निकालाचा,
म्हणजे तेरा वर्षांचा.
त्याचा पॉवर सप्लाय तर
त्याहूनही एक दिवाळी मोठा,
कोणाच्या तरी मोडीतून आलेला.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला
(कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं,
घरचा फ्यूज मात्र कायम आईनंच बदलला)
आणि लेबल वाचू लागले,
रेशन कार्डावरची नावं तपासावीत तसं.
साडेचारशे वॅट,
हे बोटभर अक्षरांत.
खाली मुंगीच्या पायांनी:
बारा व्होल्टच्या दोन ओळी,
एकीवर चौदा अँपिअर, दुसरीवर पंधरा.
आणि त्याच्याही खाली, जिथे स्टिकर सुटत आलं होतं,
दोन्ही मिळून तीनशे.

"मग बाकीचे दीडशे?"
"ते पाच व्होल्टात अन् तीन व्होल्टात.
तिथं आता कोणी मागत नाही.
बोअरले पाणी आहे पोरी,
पण दुसऱ्याच्या वावरात."

बुलडीच्या गाळ्यात चिचघरेंनी
डबा तळहातावर तोलला.
"हलका आहे, ताई."
एवढंच.
कार्डाला आठ पिनांचा तोंडघास हवा,
याच्याकडे सहाचाच.
त्यांच्या पोरानं एक जोडवायर काढून दाखवली, ऐंशी रुपये.
चिचघरेंनी ती त्याच्या हातून घेतली
आणि न बोलता ड्रॉवरमध्ये परत टाकली.

दुसऱ्या दिवशी पोरगा एकटा असताना
मी जाऊन ती घेऊन आले.

मे होता. अख्ख्या लाइनीतले कूलर चालू,
व्होल्टेज रात्रीसुद्धा एकशे ऐंशीवर धापा टाकत.
अकराला जोडलं.
लागलं!
पंखे फिरले, पडदा उजळला,
आणि माझी पिवळी मारबत,
दीड वर्षं माझ्या डोक्यात बसून राहिलेली,
पहिल्यांदा लुगड्याच्या चुण्यांसकट उभी राहिली,
गर्दीच्या खांद्यांवरून डुलत, एक पाऊल,
दुसरं,
चाळिसाव्या चौकटीला
सगळं काळं.

अंधारात फक्त कूलरचं पाणी ठिबकत होतं.
बाबा दारात, बनियनवर. चक्क हसत.
"ट्रिप झालं."
"जळालं?"
त्यांनी वाकून डब्याचा वास घेतला,
खरबूज घेताना घेतात तसा.
"नाही. चांगली मशीन ट्रिप होते.
बेकार असते ते जळते."

मग पलंगाच्या काठावर बसून, मी न विचारता:
"आमचा एक संच होता, दोनशे दहाचा.
शेवटी शेवटी दीडशेच्या वर जायचा नाही.
पाटीवर दोनशे दहाच.
साहेब लोक आले का आम्ही पाटी दाखवायचो."
"आणि ते गेले की?"
"दीडशेच मागायचो त्याले."

नवा सप्लाय आला पगारानंतर.
साडेसहाशेचा, विटेसारखा जड.
चिचघरेंनी तोही तोलून मगच दिला.
मारबत आता चालते, थांबत नाही,
नदीपर्यंत जाते.

जुना कपाटावर आहे.
बाबांनी माझ्या वहीचं पान फाडून
पट्टीनं रकाने आखले आणि त्याला चिकटवलं,
त्यांच्या ड्यूटीच्या अक्षरात:
वेळ तेवीस बावन्न.
भार: माहीत नाही.
कारण: मागणी जास्त.
दोष कोणाचा, तिथे एक आडवी रेघ.

जोडवायरीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.
शेवटचा एक रकाना मात्र
त्यांनी आखून कोरा ठेवलाय,
आणि पेन तिथेच,
डब्यावर.