उभ्यात आडवा

पॉलिटेक्निकच्या शेडमध्ये बिराजदार सरांनी
दोन विटांवर सलग फळी ठेवली. चढ, म्हणाले.
मी चढलो. कर्रकन मोडली.

मग पट्ट्या. एक थर उभा, एक आडवा,
मध्ये सरस, वर रात्रभर शहाबादी फरश्या.
सकाळी त्याच विटांवर आम्ही सात जण
आणि फळी गप्प.

पुढे जाड तुळईचा तुकडा जाळात घातला.
अर्ध्या तासाने रजिता येमुलने काजळी खरवडली :
बोटभर कोळसा,
आत लाकूड पिवळंजर्द, अजून वास येणारं.

"आमचे ताता हेच करायचे, सर.
उभ्यात आडवा. फक्त ते फणीनं ठोकायचे,
तुम्ही चिकटवता."

सर फळ्यावरचं लांबलचक नाव पुसायला गेले,
अर्ध्यावर थांबले.

बाहेर सोलापूर, बेचाळीस अंश.
साखर पेठेतून येणारी मागांची खटखट
मी पहिल्यांदाच मोजली.