गुरुवारी लाइट नसताना

मुलीनं फोनवर यादी सांगितली,
मी वीजबिलाच्या मागे उतरवून घेतली:
दाणे नाहीत, डाळ नाही, दही नाही, गूळ नाही,
ज्वारी-बाजरीचं तर नावच काढू नकोस.
मग बाबांना घालू काय?
तर म्हणाली, शेती सुरू व्हायच्या आधी माणूस खायचा ते.
अगं इरावती,
तेव्हाचं कोण भेटलंय तुला?

यांची तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक दोन.
रिपोर्ट फ्रिजवर आहे, हापूसच्या चुंबकाखाली.

सकाळी पद्मावतीहून अर्धा किलो मटण आणलं.
मार्केट यार्डातला लाल भोपळा होताच.
नारळ दोन, त्यातला एक खवट निघाला.
हिंगाची डबी उलटी करून, चष्मा लावून वाचली.
गव्हाचं पीठ.
तीस वर्षं मी आमटीत हिंग म्हणून
चिमूट चिमूट पोळी घालत होते!
डबी परत फळीवर ठेवली. फेकवेना.

खोबरेल तापलं
तसा सगळ्या घराला वेणीफणीचा वास.

आमच्या जुन्नरला मूठभर कूट पडला की
कसलाही उनाड रस्सा शहाणा व्हायचा.
इथे भोपळा उकडायचा, घोटायचा, आणि वाट बघायची.
हात सवयीनं दाण्याच्या बरणीपर्यंत गेला.
झाकण उघडलं, वास घेतला, लावलं.

कांदा-खोबरं भाजून मिक्सरला टाकलं,
दोन गिरक्या झाल्या, आणि गेली.
गुरुवार!
दर गुरुवारी जाते, दर गुरुवारी मी विसरते.
मिक्सर घशात घास अडकल्यासारखा गप्प,
वरचा पंखा गप्प,
आणि मटणाचा वास, डक्टची वाट बंद बघून,
जिन्यातून सरळ बिढ्यांच्या दाराकडे.
आमच्यात वार पाळत नाहीत.
बिढेकाकूंचा गुरुवार दत्ताचा.

ओट्याखालून दगडी खल ओढला,
स्वारगेटला रस्त्यावर घेतलेला, घासाघीस करून.
"घ्या, दगडही आला. झालं तुमचं अश्मयुग पुरं."
हे हसले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.
म्हणाले, आण इकडे,
आणि मांडी घालून वाटण कुटायला बसले,
बँकेत शिक्के मारायचे तसे:
ठप, ठप,
मान तिरकी करून जरा तपासणं,
ठप.

दारावर टकटक.
बिढेकाकू, हातात रिकामी कळशी. पंप बंद, प्यायला पाणी नाही.
मी कळशी भरेपर्यंत उंबऱ्यातच उभ्या.
नाक वर. मी मनात माफी जुळवते आहे.
जाताना इतकंच म्हणाल्या,
"लवंग जास्त झालीये."
झालीच होती.

दीड वाजता बसलो, बाल्कनीचं दार उघडं ठेवून.
यांच्या ताटात किसलेला फ्लॉवर, भाताच्या जागी.
तो भात नाही हे त्यालाही माहीत असावं,
कडेकडेनं पाणी सोडत होता.
रस्सा मात्र जमला होता. लाल, अंगाबरोबरचा,
भोपळ्याची गोडी मागून येणारी.
यांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली,
आणि उजव्या हाताची तीन बोटं
ताटाच्या डाव्या कडेला गेली,
मोडायला.
तिथे काही नव्हतं.
बोटं जरा थांबली,
मग लिंबाची फोड उचलून आली,
जणू तिच्यासाठीच गेली होती.

माझ्या ताटात अर्धी भाकरी. मला कुणी मनाई केलेली नाही.
तरी ती मी वाटीच्या आडोशाला ठेवली होती.

तेवढ्यात लाइट आली
आणि आतून मिक्सर एकदम ओरडला!
बटण चालूच, झाकण काढलेलं,
खोबरं फरश्यांवर, कॅलेंडरवर, माझ्या चष्म्यावर.
बंद केला. पुसलं. पुन्हा पुसलं.
बाहेर आले तर हे मान खाली घालून जेवताहेत,
नको इतक्या मन लावून,
आणि माझ्या भाकरीचा एक कोपरा
नाही.

मी चष्मा पुसत बसले.
बराच वेळ पुसला.