हिरवी वायर कुठे जाते

“गाडी चावता,” शेवंती तारी फोनवर म्हणाली.
“व्हय, गाडीच. कुत्रो न्हय.”

मिठबावला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.
पडवीत पांढरी इलेक्ट्रिक स्कूटर,
मागे मासळीचा डबा बांधलेला, बर्फासकट,
डब्याखालून थेंब थेंब पाणी.
जमीन ओली, तिचे हात ओले, पाय अनवाणी.
चार्जर लावला की हँडलला मुंग्या,
एकदा तर पार कोपरापर्यंत.
“शोरूमचो पोरगो इल्लो. आधी लाल दिवो लागी होतो.
तेना कायतरी केल्यान, नि हिरवो झालो.”

मी सॉकेट उघडला.
न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये
बोटभर वायरचा तुकडा, वर टेप.
चार्जर विचारत होता, जमीन आहे का?
आणि हा तुकडा त्याला सांगत होता,
आहे रे, आहे, तू झोप.
साईल एकोणीस वर्षांचा. बघून म्हणाला, “जुगाड भारी.”
मी काही बोललो नाही.
तुकडा कापला आणि त्याच्या खिशात टाकला.

मग हिरव्या वायरच्या मागे निघालो.
सॉकेटमधून वर, वाशावरून, मीटरखालून,
भिंतीबाहेर, मोरीच्या मागे.
तिथे ती नळाच्या पाइपला बांधलेली,
नीट, कोणा जुन्या माणसाच्या हातचे सात वेढे.
पाइप प्लास्टिकचा.
“लोखंडाचो होतो,” शेवंती म्हणाली,
“पाण्याची योजना इली तेवा बदललो. धा वर्षां झाली.”
दहा वर्षं या घरातला फ्रीज, मिक्सर, टेबलफॅन
मातीशी बोलतोय असं समजून
प्लास्टिकशी बोलत होते.

खड्डा घराच्या उजव्या अंगाला धरला.
दीड हातावर जांभा. पहारीतून ठिणग्या.
घर बांधायला सोन्यासारखा दगड,
पण सुकला की वीज घ्यायला तोंड फिरवतो.
रॉड ठोकून मोजलं: एकशे दहा ओहम.
“चालेल की,” साईल म्हणाला, “टेस्ट लॅम्प लागतोय.”
लॅम्प लागायला थोडं पुरतं रे.

जागा शेवंतीनेच दाखवली.
भांड्यांच्या पाण्यावर वाढलेला माड,
“थंय मे महिन्यात पण ओल सुकना नाय.”
मुळं सोडून दोन हात बाजूला गेलो,
तीन मीटर तांब्याचा रॉड,
भोवती बेंटोनाइटचा राखाडी चिखल.
गडग्यापलीकडून कोणीतरी विचारलं, काय पुरतास गो?
“गाडयेचा भूत,” शेवंती म्हणाली.
मीटरवर तीन पूर्णांक आठ.
पुन्हा मोजलं. साईलला मोठ्याने वाचायला लावलं.

चार्जरला बोर्डापासून वेगळी लाइन, जाड वायरची.
क्लॅम्पला ग्रीस, कारण इथला खारा वारा
तांबंसुद्धा खातो, घाई न करता.
आणि आरसीसीबी. त्यावर टी लिहिलेलं बटण.
महिन्यातून एकदा दाबायचं.
“लक्षात कसा रवतला?”
संकष्टी करता ना? चंद्राची वाट बघताना दाबा.
खटकन पडला तर बरा आहे.
नाही पडला तर मला फोन,
आणि गाडीला हात नाही.

मी अजून हत्यारं गोळा करत होतो.
तिने हात पदराला पुसला नाही,
तसाच ओला हँडलवर ठेवला.
थांबली. दुसरा ठेवला.
“मेली गप झाली.”
मग पैशांवरून घासाघीस, दोनशे कमी,
वर पिशवीत सौंदाळे.

परतताना साईल मागे बसून
खिशातला तुकडा काढून बघत होता,
आरशात दिसलं मला.

रात्री जेवायला बसलो.
बायकोने ओल्या हाताने फ्रीज उघडला
आणि माझा घास तसाच राहिला.
सव्वीस वर्षं लोकांच्या वायरी बघतोय.
हे घर वडिलांनी बांधलं.
आमची हिरवी वायर मोरीच्या भिंतीत शिरते.
तिथून पुढे कुठे जाते,
मी कधी बघितलेलं नाही.
“सौंदाळे खारट झाले काय?” तिने विचारलं.
मी टॉर्च शोधत होतो.