परत उडालेलं

समुद्राच्या तळाखाली साठ मीटर.
सुरुंगाचा धूर विरला की अस्लाक नोझलचा लांब हात पुढे काढतो
आणि उघड्या खडकावर
राखाडी चिखल मारू लागतो, गोल गोल,
सारवणाच्या हातानं.
फक्त इथे सारवायचं ते छत.

छताला चिकटणं चिखलाच्या स्वभावात नाही.
म्हणून नोझलच्या तोंडाशीच त्यात त्वरक मिसळतो,
आणि पुढच्या दोन हातांच्या उड्डाणात
चिखल दगड व्हायला लागतो.
त्वरक कमी पडला, तर परातीएवढा पोपडा खाली.
जास्त झाला, तर तासाभरात टणक आणि महिन्यानं कच्चा.
‘घाईनं मोठ्या केलेल्या पोरासारखा,’ अस्लाक म्हणतो.
त्याला चौदाव्या वर्षी बोटीवर धाडलं होतं.

मी वर, कंटेनरमधल्या प्रयोगशाळेत.
तबकड्या मोडते.
काटा चढतो, चढतो, मग टक्.
साधं काँक्रीट इथेच संपतं.
धागे असले की काटा घसरतो,
थबकतो,
आणि मोडलेली तबकडी मोडलेपणीच वजन पेलत राहते.
भेग पडेपर्यंत धागे नुसते पडून असतात,
आधी त्यांना कुणी विचारत नाही.

पोलादी धागे खाऱ्या पाण्यात, भेगेच्या तोंडाशी, गंजतात.
म्हणून त्या वर्षी आम्ही प्लास्टिकचे घेतले.
आकडे चांगले होते.
सही माझी आहे.

जुलैत गुन्वोर आली, पलीकडच्या बेटावरची.
तिच्याकडे दगडांच्या छोट्या घरांत आयडर बदकं अंडी घालतात;
पिल्लं पाण्यावर गेली की ती घरट्यातली पिसं गोळा करते,
बोटांनी, काडी काडी वेचून.
तिनं माझ्या टेबलावर मुरंब्याची बरणी ठेवली.
मऊ करडी पिसं, वाळलेलं शेवाळ,
आणि त्यांत बोटभर लांबीचे, पांढरे, नक्षीदार
आमचे धागे.

भिंतीवर मारलेल्या दहा घमेल्यांतलं एक
परत उडतं, जमिनीवर पडतं,
दगडमातीबरोबर ट्रकमध्ये जातं,
ट्रकमधून फ्योर्डमध्ये.
पोलाद बुडतं.
हे तरंगतात.
हे मला ठाऊक होतं, म्हणजे
घनतेचा आकडा मला पाठ होता.

गुन्वोर चिडली नाही. तिनं विचारलं,
‘बदकं म्हणतायत, चांगलं विणलं जातं याचं. किती वर्षं टिकेल?’
कॉफी थंड होईस्तोवर
मी उत्तर जुळवत राहिले.
शंभर, असं आम्ही कंत्राटात लिहिलं होतं.

ती गेल्यावर एक धागा चिमट्यात धरून ओढला.
तुटला नाही.
एक पीस त्याला तसंच चिकटून होतं.

आता पुन्हा पोलाद मागवलंय.
अस्लाकच्या हातमोज्यांतून ते टोचतं, तो शिव्या घालतो.
दर वसंतात भेगांवरचा तांबूस डाग मोजायचा आहे,
मोजेन.
बोगद्यात शिरले की सगळे वर बघतात.
मी बॅटरी पायांशी धरते.
बरणी अजून परत करायची राहिली आहे.