चौथी चिठ्ठी
(जिलिंगहॅम, जून १६६७)

गोदीतले जुने दोर उसवता उसवता
माझी नखं डामरानं काळी झाली ती झालीच.
एबल समुद्रावर, त्याचा पगार चिठ्ठीवर.
चिठ्ठीवर मोहोर, मोहोरेवर नांगर.
लंडनच्या कचेरीत कारकून म्हणाला, पुढच्या महिन्यात या.
तो महिना अजून उजाडायचाय.
तीन चिठ्ठ्या गुत्तेवाल्या क्रॉचरला विकल्या, निम्म्याहून कमी भावात.
चौथी त्यानंही घेतली नाही.

बुधवारी वलंदेज आले.
वारा त्यांचा, भरती त्यांची.
नदीवर आडवी साखळी होती,
तिच्या भरवशावर अख्खं गाव झोपायचं.
ती तुटली तेव्हा
वाटलं होतं तेवढा आवाजही झाला नाही.
मग धूर.
जहाज जळताना वास गोड येतो,
हे कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही बायका बांधावर, घोटाभर चिखलात.
म्हातारी विनिफ्रेड
वलंदेजांच्या सात पिढ्या उद्धरत होती,
तर पलीकडच्या डेकवरून शिव्या उलट आल्या,
आमच्याच बोलीतल्या, आमच्याच गल्लीतल्या.
"चिठ्ठ्या खाऊन पोट भरलं नाही गं!
इथं रोख देतात, रोख!"
चार-पाच गळे होते.
एक घोगरा,
वाक्य संपलं की खोकणारा.

विनिफ्रेडनं माझ्याकडे पाहिलं.
मी पाण्याकडे.

दुसऱ्या दिवशी राजाचं सगळ्यात मोठं जहाज
त्यांनी ओढून नेलं.
पाणी उथळ, म्हणून एका कुशीवर कलतं करून,
दाव्याला लावलेल्या गाईसारखं.
मागच्या बाजूचा सोनेरी सिंह
आमच्याकडे बघत बघत वळणाआड गेला.
तोफा गप्प. किल्ल्यावर दारू होती म्हणे,
पण गोळे भलत्याच मापाचे.

लोक रडत होते. मला मात्र
त्या जहाजाच्या फटी आठवत होत्या.
फळीफळीत ठासलेला काथ्या माझ्या हातचा.
हॉलंडपर्यंत थेंब गळायचा नाही.
त्याचेही पैसे यायचेत.

रविवारी शिपाई आले, नावं लिहून घ्यायला,
तिकडे कोण कोण होतं.
म्हटलं, वारा उलटा होता,
काही ऐकू आलं नाही.
विनिफ्रेड शेंगा सोलत राहिली.

चौथी चिठ्ठी जपून ठेवलीय.
राजाची मोहोर आहे तिच्यावर, आणि
एबलचं नाव,
कारकुनानं चुकीचं लिहिलेलं.