दिवा आधी

हरिपूरच्या पेवात उतरण्याआधी
यल्लाप्पा कंदील सोडायचा दोरीनं.
वर तोंड अरुंद, खाली पोट पंचवीस फुटांचं,
आत वर्षभर दडपलेली हळद
आणि तिनं पिऊन टाकलेली हवा.
ज्योत बारीक झाली की दोरी वर ओढून
तो उकिडवा बसायचा, बिडी काढायचा.
"दिवा आधी, वैनी. माणूस मागनं.
हळद कुटं पळून चाललीया?"

तेव्हा मी मालकीण नव्हते.
पोत्यांवर बसून हिशेब शिकणारी नवी सून.

आमची चारही पेवं पुढं पुरात बसली.
आता मिरज रस्त्याला गोदाम आहे,
आतलं तापमान माझ्या फोनवर दिसतं,
आणि दिसतं म्हणून सगळं कळलं, असं वाटायला लागतं.

मार्चमधला मंगळवार. सौदे नुकतेच उठलेले.
पुतण्या श्रेणिक लॅपटॉप घेऊन आला :
"काकी, चौदा हजार म्हणजे काहीच नाही. वीसला जातंय.
बँक तयार आहे. सगळा माल उचलू."
पडद्यावर रेघ वर चढत होती,
मारुतीच्या शेपटागत, संपायचं नाव नाही.
केबिनमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.
उपाध्ये दिवाणजींनीसुद्धा,
जे स्वतःच्या पगारवाढीलाही मान हलवत नाहीत.

मी घाबरले ती तिथं.
भाव बघून नाही. माना बघून.

म्हटलं, उपाध्ये, अर्धा तास तुम्ही आमच्या विरुद्ध.
पगार त्याचाच समजा.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"हिंगोलीकडचा बराच माल अजून घरातच आहे, बाई.
मघाशी बोललो नाही.
सगळे खूश होते."

मग मी श्रेणिकला विचारलं,
आपण चुकलो तर आधी कुणाला कळेल,
आपल्याला की बँकेला?
आणि चुकलो हे कबूल करायला
तू किती दिवस घेशील? खरं सांग.
सतरा हमालांचा शनिवारचा पगार
तेव्हा कुठल्या खात्यातून निघेल?
तो पडद्याकडे बघत राहिला.
रेघेत सतरा घरं कुठं दिसतात?

ज्योत विझली नाही. बारीक झाली.
मी निम्म्याहून कमी उचलला,
कर्जाला हात न लावता,
आणि वहीत तारीख घालून लिहिलं
असं का केलं ते.
निकाल लागल्यावर आठवण फार शहाणी होते.
तिच्या आधी लिहून ठेवावं लागतं.

मे महिन्यात हळद एकोणीस हजारांवर गेली.

श्रेणिक दोन दिवस बोलला नाही.
कॅल्क्युलेटरची बटणं मात्र
मला ऐकू येतील अशी दाबायचा.
तिसऱ्या दिवशी मी वही उघडली. कारणं तिथंच होती,
कुणी तोंड लपवलं नव्हतं.
एक चुकलं होतं. लाल शाईनं लिहिलं :
हिंगोलीचा माल अंदाजाआधी संपला.
खाली लिहिलं : उपाध्यांना दोष नाही.
ते वाचून श्रेणिक म्हणाला,
"पण पैसे तर गेले ना?"
गेले, म्हटलं. आपल्या खिशात आले नव्हते, तरी गेले.
पुढच्या वर्षी वही तू लिही.

त्याला सांगितलं नाही ते इथं लिहिते.
बारा वर्षांपूर्वी एकदा
मी कंदील सोडलाच नव्हता.
रुमालाखाली एकाच व्यापाऱ्याची बोटं चाचपून
सगळा माल उधारीवर दिला, न विचारता, न मोजता.
पैसे आले. चाळीस लाख सुटले.
यार्डात माझा सत्कार झाला, शाल, नारळ,
"बाईंची नजर बघा" म्हणाले.

यल्लाप्पा तेव्हा होता, थकलेला.
त्यानं हार बघितला आणि एवढंच विचारलं,
"आत हवा होती व्हय?"

मला माहीत नव्हतं.
एवढ्या वर्षांत तोटे विसरले मी.
त्या नफ्याची भीती
अजून जात नाही.