तक्रार, कारण, उपाय

बाहेर उणे एकतीस.
टाउनो लेह्तिनेन आत येतो,
बुटांवरचं रस्त्याचं मीठ पायपुसण्यावर नीट झाडतो
आणि काउंटरवर किल्ली ठेवतो.
गाडी तीच, थंडर बेमध्ये दर तिसऱ्या दारी उभी असते ती :
बुटकी, रुंद, एसयूव्ही म्हणवून घेणारी.

माझ्या फॉर्मवर तीन रकाने.
पहिला गिऱ्हाइकाच्याच शब्दांत भरायचा, असा नियम आहे.
मी लिहिते :
"बायको शेजारी बसली की पिवळा दिवा लागतो.
तिच्या बाजूची एअरबॅग बंद.
गाडीच्या मते तिथे कोणीच नाही."

या महिन्यातली ही सातवी.
त्या डेल्फीन नर्सची तर उभ्या गाडीत फुटली,
दार जरा जोरात लावलं एवढंच निमित्त.
फटाक्यांचा वास, गणवेशभर पांढरी भुकटी,
आणि ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती,
मी ओरडलेसुद्धा नाही.
मॅकाइव्हर सरांना लाल दिवा दिसतो, पण फक्त पुलावर.
कुणाच्या तरी सीटवर कुत्र्याच्या खाण्याची गोणी होती,
गाडी घरापर्यंत ठणाणा करत राहिली :
पट्टा लावा, पट्टा लावा.

बोहदान सीटखाली अर्धा शिरतो,
वायरी हलवतो, कम्प्यूटर जोडतो.
सेन्सर ठणठणीत.
मग जमिनीकडे बघत विचारतो, "बाईंचं वजन?"
इर्या स्वतःच उठते.
सुट्या भागांच्या काट्यावर, जिथे आम्ही ब्रेकच्या चकत्या तोलतो,
कोट, बूट, लोकरी टोपीसकट उभी राहते.
एकोणचाळीस.
"बघ टाउनो," ती म्हणते,
"डॉक्टरांच्या आधी गाडीला कळलं असतं."
हसतो फक्त बोहदान, आणि लगेच थांबतो.

पुढचं मला सांगावं लागतं, पाठ आहे ते :
इतक्या हलक्या माणसाला ती पिशवी वाचवेलच असं नाही,
तिच्याच ठोशाने मान मोडू शकते,
म्हणून गाडी ती सीट रिकामी धरते.
तुम्हाला जपण्यासाठीच 'नाही' म्हणते.
टाउनो सगळं ऐकून घेतो.
"पण ती आहे ना," तो म्हणतो.
वाद घालत नाही;
पावतीवर नाव चुकीचं पडलंय, इतक्या साधेपणाने सांगतो.

माझे वडील बंदरावरच्या धान्यकोठारात काट्यावर होते.
दिवसभर गहू तोलून घरी आले
की आम्हा पोरांना एकेक करून उचलायचे, वजन सांगायचे,
आणि नेहमी दोन किलो जास्तच सांगायचे.
ते आत्ता का आठवावं कुणास ठाऊक.

कारण : डिझाइनप्रमाणे.
उपायाच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढते.

फेब्रुवारीत ते पेट्रोल पंपावर दिसले.
इर्याच्या मांडीवर टॉवेलचं गाठोडं.
काच खाली करून तिने उलगडून दाखवलं :
सौनाचे दगड, काळे, अकरा,
रात्रीची ऊब अजून धरून असलेले.
डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला.
"आता मी मोजले जाते," ती म्हणाली.
मी सांगायला हवं होतं. तेच, पाठ असलेलं.
मी म्हटलं, रस्ता निसरडा आहे, हळू जा.

मेच्या शेवटी तो एकटाच आला,
उन्हाळी टायर बसवायला.
गाडी आत घ्यायला मी स्टिअरिंगवर बसले.
शेजारच्या सीटवर गाठोडं,
त्याला पट्टा लावलेला,
नाहीतर गाडी ओरडते.
हात लावून पाहिला. दगड गार.
दिवा विझलेला.
काउंटरपासून लिफ्टपर्यंत वीस मीटर,
इतकी हळू मी कुठलीच गाडी चालवली नव्हती.

परत येऊन फॉर्म काढला.
तक्रार?
"काही नाही," टाउनो म्हणाला.
गिऱ्हाइकाच्याच शब्दांत भरायचा, असा नियम आहे.